न दिसणारे व्रण

आजार हत्तीच्या पावलाने येतो व मुंगीच्या पावलाने जातो, अशी एक म्हण आपल्याकडे फार जुन्या काळापासून प्रचारात आहे. घरातील वडील माणसे ती सहज बोलून जातात आणि आपणही ती सहज ऐकून सोडून देतो. परंतु तिच्या उत्तरार्धाकडे आपले जेवढे लक्ष जावयास हवे तेवढे जात नाही. हत्ती आला म्हणजे तो साऱ्या गावाला दिसतो व सारे गाव धावपळ करू लागते. मुंगी मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ती अद्याप घरातच आहे, हे जिला ती चावते त्या व्यक्तीलाच काय ते ठाऊक असते. प्रस्तुत लेखात आम्ही या मुंगीविषयी, म्हणजे ताप उतरल्यानंतर मागे रेंगाळणाऱ्या दुखण्याविषयी चार शब्द सांगणार आहोत.

बेळगावात टिळकवाडीला जे गेले असतील त्यांनी व्हॅक्सिन डेपोचे विस्तीर्ण मैदान व तेथील जुनी झाडे पाहिली असतील. सकाळी फिरावयास येणाऱ्यांस व खेळणाऱ्या मुलांस त्या नावाचा अर्थ क्वचितच आठवतो. ब्रिटिश अमदानीत येथे देवीची लस तयार होत असे. वासरा-रेडकांच्या कातडीवर वाढविलेली ती लस येथून मुंबई इलाख्यातील गावोगावी जाई. देवीचा रोग विषाणूपासून होई. विषाणू इतका सूक्ष्म असतो की साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रातूनही तो दिसत नाही, आणि जिवंत पेशीत शिरल्यावाचून त्यास वाढताही येत नाही. देवीच्या विषाणूने ज्याला गाठले तो जगला तरी त्याच्या चेहऱ्यावर जन्मभराचे व्रण राहत, कित्येकांची दृष्टीही जाई. पुढे लसीच्या बळावर हा रोग नाहीसा झाला, आणि १९८० च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने पृथ्वी देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

तीच गोष्ट पोलिओची. त्याचाही विषाणूच. ताप दोन-चार दिवसांचा असे, पण एखाद्या मुलाचा पाय तो जन्माचा लुळा करून जाई. भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूची बाधा झालेले शेवटचे बालक २०११ च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यात आढळले, आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून गणला गेला.

या दोन्ही रोगांत एक साम्य आहे, ते ध्यानात घ्यावे. देवीचा व्रण आणि पोलिओचा पाय या दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात. त्यामुळे त्या माणसाला काही सोसावे लागले आहे, याविषयी कोणी शंका घेत नसे. परंतु असेही विषाणू आहेत की ज्यांचे व्रण बाहेरून दिसत नाहीत. ते सांध्यांत असतात, स्नायूंत असतात, अंगातील शक्तीत असतात. अशा रोग्याला दुखणे सोसावे लागते ते लागतेच, वर आपण खरोखर आजारी आहोत हे इतरांना पटवीत बसावे लागते. आपल्या सीमाभागाने या प्रकारचा एक रोग फार जवळून पाहिला आहे. तो म्हणजे चिकुनगुन्या.

वाकविणारा ताप

सन १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील टांगानिका देशात, म्हणजे आजच्या टांझानियात, माकोंडे नावाच्या पठारावर एका विचित्र तापाची साथ आली. लोकांना एकाएकी ताप भरे व सांधे इतके दुखत की चालणारा माणूस कमरेतून वाकून जाई. तेथील लोकांनी आपल्या भाषेत या रोगास ‘वाकविणारा’ अशा अर्थाचे नाव दिले. तेच नाव चिकुनगुन्या. पुढच्या वर्षी एका रोग्याच्या रक्तातून त्याचा विषाणू शास्त्रज्ञांनी वेगळा काढला.

आपल्या देशात हा रोग १९६३ मध्ये कलकत्त्यास व १९६४ मध्ये मद्रासकडे आढळला. महाराष्ट्रात १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची मोठी साथ आली व गावातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक आजारी पडल्याचे पाहणीत आढळून आले. त्यानंतर मात्र हा रोग जणू अंतर्धान पावला. सुमारे ३२ वर्षे त्याचे नाव फारसे कोणी घेतले नाही.

सन २००५ च्या अखेरीस तो आंध्र प्रदेशात व कर्नाटकात पुन्हा प्रकट झाला. २००६ या एका वर्षात देशात १३ लाखांहून अधिक संशयित रोगी सरकारी दप्तरी नोंदले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे साडेसात लाख, एकट्या कर्नाटकातील होते व सुमारे अडीच लाख महाराष्ट्रातील होते. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी हा आपला मुलूख या दोन राज्यांच्या बरोबर मध्ये वसलेला. राज्यांच्या सीमा नकाशावर असतात. डास त्या मानीत नाहीत. त्या वर्षी आपल्याकडेही हा ताप आला व घरेच्या घरे अंथरुणावर पडली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांचा रोग उद्भवला होता. चिकुनगुन्या या नावात ‘चिकन’ ऐकू येते, म्हणून कित्येकांनी हा ताप कोंबडी खाल्ल्याने होतो अशी समजूत करून घेतली. ती सर्वस्वी चुकीची होती. हा रोग कोंबडीपासून होत नाही, रोग्याला शिवल्यानेही होत नाही. ईडिस जातीचा, अंगावर पांढरे पट्टे असलेला डास रोग्याला चावतो व नंतर निरोग्याला चावतो, त्या वाटेने विषाणू पसरतो. हा डास दिवसा चावतो, आणि गटाराच्या घाणीत नव्हे, तर घरातील स्वच्छ साठविलेल्या पाण्यात वाढतो.

चिकुनगुन्या क्वचितच प्राण घेतो. आठवड्याभरात ताप उतरतो. म्हणून ‘चार दिवसांचा ताप, गेला की गेला’ असे लोक म्हणू लागले. पुष्कळांच्या बाबतीत ते खरेही ठरले. परंतु सर्वांच्या बाबतीत नव्हे. हे आम्हांस ज्या प्रसंगाने कळले, तो येथे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कारण त्यात आमची चूक होती.

उशिरा येणारा मुलगा

त्या वेळी आम्ही निपाणी भागातील एका शाळेत आठवीचा वर्ग शिकवीत होतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. वर्गातील एक मुलगा रोज प्रार्थना संपल्यावर येई. पूर्वी तो वेळेवर येणारा, अभ्यासात बरा व अक्षर नेटके असलेला असा होता. आता त्याचा गृहपाठ अपुरा राहू लागला. एके दिवशी त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर पिठाचे डाग आम्हांस दिसले. आम्ही त्याला सर्वांसमक्ष उभे केले व स्वच्छतेवर एक लांबलचक उपदेश केला. तो खाली मान घालून ऐकत राहिला. उशीर का होतो, असे आम्ही त्याला रागावून अनेकदा म्हटले होते. पण उत्तर ऐकण्यासाठी म्हणून एकदाही विचारले नव्हते.

पुढे सलग तीन दिवस तो आला नाही, तेव्हा आम्ही शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेलो. दार उघडेच होते. मुलगा चुलीपुढे बसून भाकरी थापीत होता. भाकरी एका बाजूस जाड झाली होती, कडेला करपली होती. आम्हांस पाहून तो दचकला व हात पाठीमागे नेऊन उभा राहिला. त्याच्या नखांत पीठ वाळले होते. बाहीवरील डागांचा अर्थ आम्हांस त्या क्षणी उमगला.

त्याची आई भिंतीशी टेकून बसली होती. निपाणी हे तंबाखूचे गाव. तेथील शेकडो बायकांप्रमाणे ती विड्या वळून संसाराला हातभार लावी. शेजारी सूप होते, सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने होती. पण सूप मांडीवर नव्हते.

“या गुरुजी,” ती म्हणाली. “पोराला बोलू नगा. माझ्यापायी त्याची शाळा बुडतीया.”

आम्ही प्रकृतीची विचारपूस केली.

“ताप पाच दिसांत उतरला बघा,” ती म्हणाली. “श्रावणातली गोष्ट. पण तवापास्नं हे हात माझं ऐकत न्हाईत. सकाळी मूठ मिटत न्हाई, आणि मिटली तर उघडत न्हाई. पिळं पिळायचं म्हटलं की मनगटात कळ येती. विडी वळाया बसलं तर पाचपन्नास होईस्तोवर बोटं अखडत्यात. सैल वळली तर तिथं ती बाजूला काढत्यात, पैसं कोण देणार?”

घरातील आजी तेथेच जोंधळे निवडीत होत्या. त्या आम्हांस ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “मला बी आलाच हुता की ताप. पंधरा दिसांत उठून कामाला लागले मी. आता चार महिनं झालं. साऱ्या गल्लीच्या बाया कामाला लागल्या, हिचंच दुखणं तेवढं सरंना.”

सून काही वेळ गप्प राहिली. मग आमच्याकडे न पाहता ती एवढेच म्हणाली, “जखम असती तर दावली असती, गुरुजी. दुखणं कसं दावायचं?”

आजी दुष्ट नव्हत्या, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. त्यांनी स्वतः तोच रोग भोगला होता व त्या लवकर बऱ्या झाल्या होत्या; म्हणून सुनेनेही तितक्याच दिवसांत बरे व्हावे असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकला होता तो येथे. एकच विषाणू एकाच घरातील दोन माणसांना सारखाच छळतो असे नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्या दोघींना घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टर वयाने लहानच होते, पण त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. सुनेची बोटे तपासून झाल्यावर त्यांनी आजींना जवळ बोलाविले व त्यांचा हात धरून सुनेच्या मनगटावर ठेवला. “आजी, आता हे आपल्या मनगटाला लावून बघा,” असे ते म्हणाले. आजींनी दोन्ही मनगटे चाचपली. क्षणभराने त्या म्हणाल्या, “हिचं गरम लागतंय की. आणि फुगलंय बी.”

डोळ्यांना न दिसलेला व्रण आजींच्या हाताला लागला होता. त्या दिवशी घरी परत जाताना औषधाची पिशवी आजींनी स्वतःच्या हातात घेतली.

दुखणे मागे का राहते

आता या गोष्टीमागील शास्त्र थोडक्यात पाहू. डास चावल्यानंतर बहुधा ४ ते ८ दिवसांत ताप येतो. पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात असतो. आपल्या शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात व रक्तातून त्यास हुसकून लावतात. ताप उतरतो तो यामुळे. परंतु मनगट, बोटे, घोटे, गुडघे यांच्या सांध्यांत जी सूज या लढाईत निर्माण झालेली असते, ती काहींच्या शरीरात शमत नाही. विषाणूचे काही अवशेष सांध्यांत मागे राहत असावेत व संरक्षक पेशी त्यांच्याशी झुंजतच राहत असाव्यात, असे शास्त्रज्ञांस वाटते. चोर पळाला तरी गस्तवाल्यांनी घरात लाठ्या चालवीतच राहावे, तसा हा प्रकार आहे. त्यात घराचीच मोडतोड होते.

बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. परंतु काहींचे सांधे कित्येक महिने व काहींचे कित्येक वर्षे दुखत राहतात. चाळिशी उलटलेली माणसे, पूर्वीपासून सांधेदुखी असलेली माणसे व आरंभी ज्यांना फार तीव्र वेदना झाल्या अशी माणसे यांच्यात हे अधिक आढळते. पुरुषांपेक्षा स्त्रियांतही अधिक आढळते. सकाळी उठल्यावर सांधे ताठणे हे याचे एक मुख्य लक्षण. दिवस वर येतो तसे ते थोडे मोकळे होतात, त्यामुळे दुपारी पाहणाऱ्याला रोगी ठणठणीत वाटतो. पहाटे पाचला त्या घरात काय चालले होते, हे दुपारी आलेल्या पाहुण्याला कसे कळणार?

ज्याचे पोट हातांवर, त्याला या दुखण्याची झळ अधिक. निपाणीत विडी वळणारीची बोटे, शहापूर-वडगावातील मागावर बसणाऱ्या विणकराची मनगटे, शेतात भांगलण करणारीचे गुडघे हीच त्यांची दौलत. ती दौलत गोठली म्हणजे मजुरी थांबते. आणि मजुरी थांबली म्हणजे कोणाची तरी शाळा बुडते.

ताप गेल्यावर दुखणे मागे ठेवणारा हा एकटाच विषाणू नव्हे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतरही बरे झालेल्या अनेकांना दीर्घकाळ थकवा राहिल्याचे डॉक्टरांनी नोंदविले होते. आपण सर्वांनी २०२० पासून कोविडची साथ अनुभवली. त्यातून उठलेल्या काही लोकांना जिना चढताना धाप लागे, वाचलेले ध्यानात राहत नसे, थोड्याशा कामाने दोन दिवस अंथरूण धरावे लागे. २०२१ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची व्याख्या केली. रोगाची बाधा झाल्यापासून साधारणतः तीन महिन्यांनी आढळणारी, निदान दोन महिने टिकणारी व दुसऱ्या कोणत्याही रोगाने उलगडा न होणारी लक्षणे, असा तिचा आशय आहे. ज्याला लोक आळस म्हणत होते, त्याला अखेर वैद्यकशास्त्रात नाव मिळाले.

नाव मिळण्यापूर्वी मात्र पुष्कळांना अपमान सोसावा लागतो. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात दोनशेहून अधिक कर्मचारी एका अनाकलनीय आजाराने पडले व ते रुग्णालय काही महिने बंद ठेवावे लागले. कित्येकांचा थकवा पुढे दीर्घकाळ टिकला. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी केवळ जुनी टिपणे चाळून, हा सारा उन्मादाचा प्रकार असावा असे मत मांडले. रोग्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक कारण होते! निपाणीतील एका लहानशा घरात जे घडत होते, तेच लंडनमधील विद्वानांच्या हातूनही घडले होते. अविश्वास दाखविण्यास शिक्षणाची उणीव लागतेच असे नाही.

घराने काय करावे

अशा दुखण्यावर एका रात्रीत उतार पाडणारे औषध नाही. तथापि करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे घरातच आहे.

पहिली गोष्ट, ताप असतानाच डॉक्टरांना दाखवावे. चिकुनगुन्या आणि डेंगी हे दोन्ही ताप एकाच जातीच्या डासापासून होतात व आरंभी सारखेच दिसतात. डेंगीत रक्तस्राव होण्याचे भय असते. म्हणून डेंगी नाही असे ठरेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट, ताप गेल्यानंतरही सांधे दुखतच राहिले तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. ‘आता ताप नाही, मग काय दाखवायचे’ असे म्हणून घरी बसू नये. सूज कमी करणारी औषधे असतात, हळूहळू करावयाचे व्यायाम असतात. कधी कधी दुसराच एखादा संधिवात लपलेला असतो, तोही तपासणीत उघड होतो. मात्र कोणी निनावी पुड्या बांधून देत असेल, अथवा एका सुईत बरे करतो असे म्हणत असेल, तर सावध असावे. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड जातीचे औषध असते. ते योग्य डॉक्टरांच्या देखरेखीखाली गुणकारी असते. पण अंदाधुंद घेतल्यास चार दिवस बरे वाटून पुढे चेहरा सुजतो, रक्तातील साखर वाढते व हाडे ठिसूळ होतात.

तिसरी गोष्ट शक्तीच्या हिशेबाची. ज्या घरी नळाला रोज पाणी येत नाही तेथील गृहिणी पहिल्याच दिवशी पिंप रिकामे करीत नाही. पिण्यास किती, स्वयंपाकास किती, धुण्यास किती याचा ती मनाशी अदमास बांधते. दीर्घ दुखण्यातील माणसाने आपली शक्ती अशीच पुरवून वापरावी लागते. बरे वाटले म्हणून एका दिवसात साऱ्या आठवड्याचे काम उरकू गेल्यास पुढचे चार दिवस पडून काढावे लागतात. सांधे ताठले असता कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची सावकाश हालचाल केल्यास बरे वाटते. परंतु ज्यास मुख्यतः थकवा आहे, त्याला बळेच पळावयास लावल्याने तो बरा होत नाही, उलट अधिक खचतो.

चौथी गोष्ट कामाच्या वाटणीची. त्या मुलाच्या घरी पुढे काय झाले ते ऐका. पाने भिजविण्याचे व कातरीने कापण्याचे काम आजींनी आपल्याकडे घेतले, कारण थंड पाण्याने सुनेची बोटे अधिक आखडत. पाणी भरणे व धुणे पिळणे ही कामे मुलाचे वडील करू लागले. आरंभी त्यांना त्याचा संकोच वाटे, म्हणून ते पहाटे अंधारातच धुणे वाळत घालीत. पुढे तो संकोच गेला. मुलाकडे सकाळचे एकच काम राहिले. आईने हजार विड्यांचा हट्ट सोडला. सूर्य वर आल्यावर, बोटे मोकळी झाल्यावर, ती आधी शंभर, मग दोनशे अशा विड्या वळू लागली. घरात पैसा कमी आला व तो वर्षभर कमीच येत राहिला, हे खरे. पण मुलगा शाळेत वेळेवर येऊ लागला.

आणि आम्ही? आम्ही त्याला ज्या वर्गासमोर उभे केले होते, त्याच वर्गासमोर आमची चूक झाली असे सांगितले. तसे करणे आम्हांस सोपे गेले नाही. परंतु त्याची मान ज्या ठिकाणी खाली गेली होती, तेथेच ती वर यावयास हवी होती.

पिंपाच्या कडेला

सर्वांत उत्तम उपाय अर्थात हा की विषाणूला घरात येऊच न द्यावे. या कामी तुम्ही मुले मोठ्यांपेक्षाही अधिक उपयोगी पडू शकता. ईडिस डासाची मादी पाण्याच्या कडेला भांड्याच्या आतील अंगावर अंडी चिकटवून ठेवते. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी कित्येक महिने टिकतात व पुन्हा पाणी लागताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक ठराविक दिवस कोरडा पाळावा. पिंप, रांजण, हौद रिकामे करून आतून काथ्याने खसाखसा घासावेत. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भरलेल्या भांड्यांवर घट्ट झाकण किंवा फडके बांधावे. गच्चीवरील फुटके डबे, करवंट्या, जुने टायर, फुलझाडांच्या कुंड्यांखालच्या ताटल्या यांत पाणी साचू देऊ नये. ताप आलेल्या माणसाला दिवसाही मच्छरदाणीत निजवावे, म्हणजे त्याला चावून डास शेजाऱ्याच्या घरी रोग नेणार नाहीत.

हा डास फार दूर उडत जात नाही. आपल्या गल्लीतील डास बहुधा आपल्याच गल्लीतील पिंपांत जन्मलेले असतात. एका घराने भांडी घासली व शेजारच्या दहा घरांनी घासली नाहीत, तर त्या एका घराचे श्रम वाया जातात. तेव्हा आपली भांडी घासून झाल्यावर शेजारच्या आजींचीही घासून द्यावीत. त्यांची मनगटे दुखत असतील तर त्या कोणाला सांगणारही नाहीत.

शेवटची विनंती

या गोष्टीला आता बरीच वर्षे लोटली आहेत. तो मुलगा शिकून नोकरीला लागला. त्याची आई दुसऱ्या दिवाळीपर्यंत पुष्कळशी सुधारली. मात्र पुढेही अनेक वर्षे थंडीच्या दिवसांत पहाटे तिची बोटे धरत. ती पूर्ण बरी झाली असे आम्ही लिहिले असते तर लेखाचा शेवट गोड झाला असता, परंतु तो खरा झाला नसता. ती त्या दुखण्यासह जगावयास शिकली, आणि तिच्या घराने तिला ते शिकू दिले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे माणूस असेल. कोणाच्या वर्गातील बाकावर असे मूल असेल. खेळाच्या तासाला ते सावलीत बसत असेल व त्याला आपण आळशी म्हणत असू. ‘अजून बरे वाटत नाही का?’ असे त्यांना विचारू नका. त्या प्रश्नात तक्रार असते. ‘आज कसे आहे?’ असे विचारा, आणि विचारल्यानंतर उत्तर ऐकण्यापुरते तेथे थांबा. आम्हांस एवढेच जमले नव्हते. त्यामुळे एका चांगल्या मुलाला पिठाच्या डागांसाठी मान खाली घालावी लागली. तुमच्याकडून तसे न घडो.